सोमवारची धार

पहाटे पाच. डिसेंबरात डंडीला
टे नदी नुसती ऐकू येते, दिसत नाही.
हॉस्पिटलच्या तळघरात शोना हातमोजे चढवत म्हणते,
"काढ गं धार. गाय खोळंबलीय."

गाय म्हणजे शिशाचा डबा. उचलताना कंबर बोलते.
आत नव्याण्णव वस्तुमानाचं मॉलिब्डेनम,
रविवारी व्हॅनमधून आलेलं,
छासष्ट तासांत अर्धं होणारं.
एका सुईवर मिठाच्या पाण्याची कुपी,
दुसऱ्या सुईवर हवा काढून घेतलेली रिकामी कुपी.
ओढून घेते ती पोकळीच. मी फक्त उभी असते.
थेंब थेंब टेक्नेशियम उतरतं,
पाण्यासारखं, रंग ना वास.
ह्याच्या अख्ख्या भावकीत
कायमचं टिकणारं एकही नाही.

आत्याची म्हैस अनोळखी हाताला पान्हा चोरायची.
हिला हात ओळखीचा लागत नाही,
घड्याळ लागतं.
सकाळचं जे काही, दुपारी बारापर्यंत निम्मं.

साडेनऊला मिस्टर गिलक्रिस्ट आले,
वय एक्याऐंशी, हाडांचा स्कॅन.
शिरेत सुई जाताना त्यांनी विचारलं,
"नव्याण्णव एम ना? म्हणजे त्रेचाळीस आणि छप्पन्न."
फिजिक्सचे मास्तर, आर्ब्रोथच्या शाळेत तीस वर्षं.
वर्गाची एक भिंतच त्यांनी चौकटींनी भरली होती,
आडवे न्यूट्रॉन, उभे प्रोटॉन,
मधून काळ्या चौकटींची वाकडी पायवाट.
काळं म्हणजे टिकणारं.
"पोरं विचारायची, सर, शेवटचा काळा कोण?
मी सांगायचो, बिस्मथ, दोनशे नऊ. तिथून पुढे सगळी घसरण.
मग मी रिटायर झालो आणि कुणीतरी
अतिथंड स्फटिकात त्याचाही ठिणगीएवढा क्षय पाहिला.
अर्धा व्हायला विश्वाच्या वयाच्या अब्जपट वेळ,
पण क्षय तो क्षयच.
तीस वर्षं खोटं शिकवलं की हो मी."

मी म्हटलं, भरपूर पाणी प्या. तीन तासांनी बोलावते.
ते म्हणाले, "एल्सपेथच्या पोटाच्या औषधात
बिस्मथ असायचं. गुलाबी.
चमच्याला चिकटून राहायचं."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारी पडद्यावर त्यांचा सांगाडा उमटला,
बरगड्या, खांदे, पायांची बोटं,
आणि कण्यात तीन ठिकाणी
नको तितकं गडद.
सांगायचं काम डॉक्टरांचं.
माझं काम: आज नातवंडांना मांडीवर घेऊ नका, एवढंच.
"नातवंडं नाहीत," ते कोट चढवत म्हणाले.
"तुम्हाला?"
मी म्हटलं, मी एकटीच असते, ब्रॉटी फेरीला.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.
"जोडीजोडीनं असलेलं टिकतं, हा नियम ठीक आहे.
शिशाचं दोनशे आठ बघा,
ब्याऐंशी आणि एकशे सव्वीस, दोन्ही घरं भरलेली,
त्याला कोण हलवणार?
विषम-विषम सहसा टिकत नाहीत.
पण हलक्यांत चार आहेत.
हा त्यातला एक."
माहितीपत्रकाच्या पाठीमागे एक चौकट काढली,
आत सात, सात. खाली काही लिहिलं नाही.

शुक्रवारी ती गाय आटली.
तारीख टाकून मी तिला फळीवर ठेवलं,
तिथे जुनी डबडी शांतपणे
निरुपद्रवी होत बसलेली असतात.

बाहेर आले तर गाडीच्या काचेवर बर्फ.
लायब्ररीच्या कार्डानं खरवडता खरवडता थांबले.
छातीभर श्वास घेतला.
पाचातले चार भाग नायट्रोजन:
सात प्रोटॉन, सात न्यूट्रॉन, दोन्हीकडे एकेक एकटा,
आणि डोंगर झिजले तरी हा तसाच.
गिलक्रिस्टांच्या नाकातही हाच असणार आत्ता.

गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली.